लघुलहरींची ओहोटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३१ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी बीबीसीच्या हिंदी सेवेचा 'दिनभर' हा कार्यक्रम लघुलहरींवरून, म्हणजे आपण ज्याला शॉर्टवेव्ह म्हणतो त्यावरून, शेवटचा ऐकू आला. ११ मे १९४० रोजी हिंदुस्तानी सेवा म्हणून सुरू झालेले हे प्रसारण. त्याला ऐंशी वर्षे पूर्ण व्हायला साडेतीन महिने उरले होते. दुसऱ्या दिवशी केंद्राचा अर्थसंकल्प होता आणि सारा देश प्राप्तिकराच्या टप्प्यांकडे डोळे लावून बसला होता. कुठला तरी रेडिओ बंद झाला याची दखल घ्यायला सवड कुणाला?

आज मला बोलायचे आहे ते या एका सेवेविषयी नव्हे, तर ज्या वाटेने ती आपल्यापर्यंत येत होती त्या वाटेविषयी. गेल्या पंचवीस वर्षांत एकामागून एक देशांनी ही वाट सोडली. ती का सोडली आणि सोडताना हातचे काय गेले, ते पाहू.

महाराष्ट्रातल्या बहुतेकांची लघुलहरींशी ओळख झाली ती रेडिओ सिलोनमुळे. १९५२ साली नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे पुण्याचे. त्यांना चित्रपटसंगीताचे वावडे होते. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोत्यांनी काटा सरळ कोलंबोकडे फिरवला. तिथली यंत्रणा दुसऱ्या महायुद्धात आग्नेय आशियातल्या दोस्त फौजांसाठी उभारलेली होती. सैनिकांच्या त्या यंत्रणेवरून १९५२ च्या डिसेंबरपासून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. अमीन सयानींचा आवाज मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जायच्या आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून पुन्हा मुंबईच्या चाळींत यायचा. दिल्लीतल्या मंत्र्याला जे नको होते ते मुंबईचा माणूस परमुलखातून मुंबईच्याच माणसाला ऐकवत होता! पुढे १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली, ती काही उगीच नव्हे. लघुलहरींचा सगळा स्वभाव या गमतीत आला. त्यांना वाटेत कुणाची परवानगी लागत नाही.

याचे कारण विज्ञानात आहे, आणि ते समजायला अवघड नाही. मध्यमलहरी दिवसा जमिनीला धरून चालतात आणि शे-दोनशे किलोमीटरवर दमतात. लघुलहरी आकाशात जातात. वर शंभर ते चारशे किलोमीटरच्या दरम्यान, सूर्याच्या किरणांनी विद्युतभारित झालेल्या हवेचे थर आहेत. तिथून त्या वळून पुन्हा जमिनीवर येतात, जमिनीवरून उसळून पुन्हा वर जातात आणि असे टप्पे घेत घेत पृथ्वीच्या पाठीवर कुठेही पोहोचतात. गंमत अशी, की प्रक्षेपण केंद्राला लागून असलेल्या प्रदेशात पुष्कळदा काहीच ऐकू येत नाही आणि तीन हजार किलोमीटरवर मात्र आवाज खणखणीत असतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शिवाय ते थर सूर्याच्या लहरीवर. दिवसा १३, १६, १९ मीटर चालतात, रात्री ३१, ४१, ४९ मीटर. सूर्यावरच्या डागांचे साधारण अकरा वर्षांचे चक्र असते, त्याप्रमाणे चांगली वर्षे आणि वाईट वर्षे येतात. म्हणून मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटी सगळ्या केंद्रांचे वेळापत्रक बदलते आणि नेहमीचे केंद्र नव्या जागी शोधत बसावे लागते. जाणकार श्रोता हा थोडाफार ज्योतिषीच होता म्हणा ना!

सुरुवातीला या लहरींना कुणी विचारत नव्हते. १९१२ साली अमेरिकेने कायदा करून हौशी मंडळींना दोनशे मीटरपेक्षा आखूड लहरींवर ढकलले. या लहरी कुचकामी, त्यांवर करा काय खेळायचे ते, असा एकूण हिशेब. त्या हौशी मंडळींनी १९२३ च्या नोव्हेंबरमध्ये याच कुचकामी लहरींवरून फ्रान्स आणि अमेरिका यांच्यात दुतर्फा संभाषण करून दाखवले, तेव्हा मोठ्यांचे डोळे उघडले. मार्कोनीच्या कंपनीने लघुलहरींचे झोत सोडून ब्रिटिश साम्राज्य जोडायला घेतले. भारताला जोडणारा झोत कुठे होता, ठाऊक आहे? आपल्या खडकीला! विलायतेला जाणारे तारसंदेश खडकीहून सुटत आणि तिकडून येणारे दौंडला घेतले जात. सप्टेंबर १९२७ मध्ये ही सेवा सुरू झाली. समुद्रातून टाकलेल्या केबलपेक्षा ती इतकी स्वस्त पडली, की केबल कंपन्यांचे धाबे दणाणले आणि दोन वर्षांत दोन्ही धंदे एका छत्राखाली आणावे लागले. आज नेमके उलटे झाले आहे. समुद्राखालच्या केबलने लघुलहरींना हटवले आहे.

१९ डिसेंबर १९३२ रोजी इंग्लंडमधल्या डॅव्हेंट्री येथून बीबीसीची एम्पायर सर्व्हिस सुरू झाली. ती इंग्रजीत होती आणि साम्राज्यात पांगलेल्या साहेबलोकांसाठी होती. स्थानिकांशी त्यांच्या भाषेत बोलावे, हे सुचायला मुसोलिनी यावा लागला. इटली अरबी भाषेतून इंग्रजांविरुद्ध प्रचार करू लागली, त्याला उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ रोजी बीबीसीची अरबी सेवा निघाली. बीबीसीची ती पहिली परभाषिक सेवा. ही तारीख लक्षात ठेवावी, तिच्याकडे परत यायचे आहे.

मग युद्ध आले आणि आपली मराठीही लंडनहून बोलू लागली. १९४२ पासून १९५८ पर्यंत बीबीसीवर मराठी प्रसारण होते, हे आज फार थोड्यांना माहीत आहे. युद्धकाळात तिथे पौर्वात्य विभागात एरिक ब्लेअर नावाचे गृहस्थ नोकरीला होते. जग त्यांना जॉर्ज ऑर्वेल म्हणून ओळखते. मराठी बातमीपत्राचा इंग्रजी मसुदा काही काळ ते लिहीत आणि त्याचे मराठी रूपांतर प्रसारित होई. त्यांच्या विभागात कोल्हापूरकडच्या वेणू चितळे काम करीत. पुढे भारतात परतल्यावर त्यांनी 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. १९४२ सालच्या एका गाजलेल्या छायाचित्रात टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद आणि ऑर्वेल यांच्यासोबत त्या दिसतात. खुद्द ऑर्वेल मात्र या कामाला कंटाळले होते. भारतात आपले कुणी ऐकत नाही, अशी त्यांची खात्री होत गेली आणि १९४३ च्या नोव्हेंबरात त्यांनी ती नोकरी सोडली. ऐकणारे किती, हा प्रश्न लघुलहरींच्या पाठीशी तेव्हापासून लागलेला आहे.

ऐकणारे होते, पण ते लंडनचेच ऐकत होते असे नाही. बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ अनेक भारतीय भाषांत बोलत होता आणि १९४२ च्या फेब्रुवारीत नेताजींचा स्वतःचा आवाज त्यावरून आला. इकडे मुंबईत ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवत होते, पोलिसांना चुकवण्यासाठी सतत जागा बदलत. म्हणजे ज्या लहरी साम्राज्य जोडण्यासाठी वापरात आणल्या, त्याच साम्राज्य उखडायलाही कामी आल्या.

माझा स्वतःचा या लहरींशी संबंध आला तो सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, तालुक्याच्या गावी शाळेत असताना. घरात तीन बँडचा ट्रान्झिस्टर होता. त्याचे लायसन्स दरवर्षी पोस्टात जाऊन भरावे लागे. गच्चीवर तांब्याची तार ताणली, की हिल्व्हरसमहून रेडिओ नेदरलँड्स, मेलबर्नहून रेडिओ ऑस्ट्रेलिया, मॉस्को, पेकिंग सगळे येत. रेडिओ मॉस्कोची तर मराठी सेवाही होती. तिचे मराठी जरा सोवळ्यातले वाटायचे, पण मराठी होते खरे. ऐकलेल्या प्रसारणाची तारीख, वेळ, मीटर आणि आवाजाचा दर्जा पाच आकड्यांत लिहून पाठवला, की महिन्या-दोन महिन्यांनी रंगीत पोचकार्ड येई. पोस्टमन ते आधी स्वतः उलटसुलट पाहून मग देत असत. हवाई टपालाचा खर्च परवडत नसे म्हणून आम्ही तिघे मित्र वर्गणी काढून एकाच पाकिटात तिघांची पत्रे घालायचो. पवनचक्की आणि ट्युलिपची ती कार्डे अजून माझ्याकडे आहेत.

पण पोचकार्डे हा झाला आमचा छंद. लघुलहरींची खरी कसोटी लागायची ती बातमी दाबली जाई तेव्हा. १९७५ च्या आणीबाणीत वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला आणि बीबीसीचे मार्क टली यांना देश सोडावा लागला. त्या काळात गावोगावी दारे लावून बीबीसी ऐकणारी माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याहून जास्त सांगायला नको. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधींवर सकाळी गोळ्या झाडल्या गेल्या. आकाशवाणीने मृत्यूची बातमी दिली ती संध्याकाळी. बीबीसीने ती कित्येक तास आधी दिली होती. त्या दिवशी बंगालच्या दौऱ्यावर असलेल्या राजीव गांधींनीही दिल्लीत काय घडले हे जाणण्यासाठी ट्रान्झिस्टरवर बीबीसीच लावली होती. आणि ऑगस्ट १९९१ मध्ये क्रिमियातल्या बंगल्यात नजरकैदेत पडलेले गोर्बाचेव्ह? फोन तोडलेले, बाहेर पहारा. एक जुना रेडिओ जुळवून त्यांनी बीबीसी ऐकली आणि सुटून आल्यावर तसे जाहीर सांगितले. अनेक दशके परदेशी रेडिओ अडवण्यासाठी पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या देशाचा हा अध्यक्ष!

हे अडवणे कसे चालायचे, ते समजून घ्यायला हवे. दूरवरून येणारी लघुलहर अडवायची तर त्याच जागी गोंगाट करणारा दुसरा प्रक्षेपक लागतो. मोठ्या शहरात तो शहरातच उभारावा लागतो. सोव्हिएत संघाने अशी जाळीच्या जाळी उभारली होती आणि १९८८ च्या अखेरीपर्यंत ती चालवली. देशात विकल्या जाणाऱ्या रेडिओंवर २५ मीटरच्या खालचे बँडच बहुधा नसत. तर लोक कारागिराकडून रेडिओ उघडून ते बँड बसवून घेत. एवढे करूनही आवाज कुठून तरी झिरपायचाच. बोलणाऱ्याचा खर्च एकपट, तर तोंड दाबणाऱ्याचा कितीतरी पट. हा हिशेब लघुलहरींच्या बाजूचा होता.

शीतयुद्ध संपले आणि दुसरा हिशेब पुढे आला. पाचशे किलोवॉटचा प्रक्षेपक तासाभरात सातशे-आठशे युनिट वीज सहज खातो. मनोरे, जमीन, तंत्रज्ञ वेगळेच. समोर शत्रू नसेल तर करदात्याने हे पैसे का द्यावेत? त्यातच उपग्रह वाहिन्या आल्या, गावात एफएम आले, मग मोबाइल आला. नव्या रेडिओंवर शॉर्टवेव्हची पट्टीच गायब झाली. जे जुने संच उरले त्यांच्या कानात चार्जर, इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे रात्रंदिवस गुणगुणू लागले. संच नाहीत म्हणून श्रोते नाहीत, श्रोते नाहीत म्हणून प्रसारण नाही, प्रसारण नाही म्हणून संच नाहीत. १ जुलै २००१ रोजी बीबीसीने उत्तर अमेरिका आणि ऑस्ट्रेलियासाठीचे लघुलहरी प्रसारण थांबवले. तिथे घरोघर इंटरनेट आहे, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. २००४ मध्ये स्वित्झर्लंड गप्प झाले, २०१० मध्ये स्वीडन. २०१२ च्या जूनमध्ये तर एका आठवड्यात दोन दिवे मालवले, २४ तारखेला रेडिओ कॅनडा इंटरनॅशनल आणि २९ तारखेला रेडिओ नेदरलँड्स. कॅनडाचे मनोरे सॅकव्हिल गावाबाहेरच्या दलदलीत होते. त्या परिसरात लोकांना फ्रिजमधून आणि मोरीच्या नळातून परभाषेतल्या बातम्या ऐकू यायच्या, असे तिथले लोक सांगत. २०१४ मध्ये ते मनोरे पाडले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. वेबसाइट बंद केली तर उद्या पुन्हा उघडता येते, पण पाडलेला मनोरा आणि घरी पाठवलेला तंत्रज्ञ उद्या परत येत नाही.

आपल्याकडची कथा याच्या आगेमागेच घडली. २०११ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने अनुदान कापले म्हणून बीबीसीने ६५० नोकऱ्या कमी करण्याचे आणि हिंदीचे लघुलहरी प्रसारण मार्चमध्ये थांबवण्याचे जाहीर केले. त्या वेळी भारतात या प्रसारणाचे सुमारे एक कोटी श्रोते होते. एक कोटी! लेखक आणि पत्रकारांनी विरोध केला, तेव्हा संध्याकाळचा एक तास कसाबसा वाचला. २ ऑक्टोबर २०१७ रोजी बीबीसीची मराठी सेवा सुमारे साठ वर्षांनी पुन्हा सुरू झाली, पण या वेळी इंटरनेटवर. मराठीत बातम्या मिळू लागल्या याचा मला आनंदच झाला. मात्र १९४२ मध्ये ती ऐकायला घरात एक रेडिओ पुरत होता, आता नेट हवे.

आणि नेट नसले तर? ५ ऑगस्ट २०१९ रोजी काश्मीरमध्ये फोन आणि इंटरनेट बंद झाले. तेव्हा बीबीसीने काय केले? हिंदी आणि इंग्रजीची लघुलहरी प्रसारणे वाढवली आणि उर्दूत रोज पंधरा मिनिटांचा कार्यक्रम नव्याने सुरू केला. याच वाटेने, की जी वाट जुनी झाली म्हणून ते स्वतःच मोडत आणत होते. त्यानंतर साडेपाच महिन्यांनी, जानेवारी संपता संपता, हिंदीचे प्रसारण थांबलेच. काश्मीरमध्ये ४जी परत आले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये.

मार्च २०२२ मध्ये कीव्हच्या दूरदर्शन मनोऱ्यावर हल्ला झाला आणि दुसऱ्याच दिवशी बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी लघुलहरींवर रोज चार तास इंग्रजी बातम्या जाहीर केल्या. आता ती तारीख आठवा, ३ जानेवारी १९३८. त्या दिवशी निघालेली अरबी रेडिओ सेवा बीबीसीने पंचाऐंशी वर्षांनी, २७ जानेवारी २०२३ रोजी, काटकसर म्हणून बंद केली. एप्रिलमध्ये सुदानात यादवी पेटली. मे महिन्यात बीबीसीला सुदानसाठी लघुलहरींवर अरबीतून तातडीची सेवा सुरू करावी लागली, तीन महिन्यांपुरती. निरोप देऊन चार महिने झाले नव्हते.

मला यात कुणाला हसायचे नाही. पैसा नसला तर काय करणार, हे मला समजते. माझी तक्रार हिशेबाच्या पद्धतीबद्दल आहे. वेबसाइटवर किती जण आले हे मोजता येते, म्हणून ते मोजले जाते. लघुलहरींचा श्रोता कुठेच नोंदला जात नाही. तो कोण, कुठला, काय ऐकत होता, हे कुणालाच कळत नाही. खर्चाच्या तक्त्यात हा दोष ठरतो. ज्याच्या दारावर पहारा आहे त्याच्यासाठी मात्र तोच सर्वांत मोठा गुण आहे. आणि सोव्हिएत संघाला जे रोखायला प्रक्षेपकांची फौज लागत होती, ते आज एका आदेशाने, एका दुपारी होते. तोंड दाबण्याचा खर्च इतका खाली कधीच आला नव्हता.

सोडलेली जागा रिकामीही राहत नाही. ऑस्ट्रेलियाने ३१ जानेवारी २०१७ रोजी लघुलहरी प्रसारण थांबवले, वर्षाला एकोणीस लाख डॉलर वाचवण्यासाठी. पॅसिफिकमधल्या बेटांनी तेव्हाच कुरकुर केली होती, कारण वादळात मोबाइलचे मनोरे आडवे झाले की तेवढाच एक आवाज उरे. पुढच्याच वर्षी बातमी आली, की ऑस्ट्रेलियाने सोडलेल्या काही जागांवर आता चीनचा रेडिओ बोलतो आहे. २०२५ च्या मार्चमध्ये अमेरिकेने व्हॉइस ऑफ अमेरिकाच्या कर्मचाऱ्यांना सक्तीच्या रजेवर पाठवले आणि १ फेब्रुवारी १९४२ पासून चालत आलेला तो आवाज एकाएकी तुटला. प्रकरण मग न्यायालयात गेले. संध्याकाळी ३१ मीटरवर काटा फिरवला की मला अजूनही पुष्कळ आवाज येतात, आणि त्यांतले चिनी केंद्रांचे ओळखायला आता वेळापत्रक लागत नाही.

सगळेच एका दिशेने गेले असे मात्र नाही. १५ जानेवारी २०२२ रोजी टोंगाजवळ समुद्रातला ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची केबल तुटली आणि ते बेटांचे राष्ट्र कित्येक आठवडे जगाच्या इंटरनेटपासून तुटले. न्यूझीलंडचा रेडिओ लघुलहरींवरून तिथे पोहोचत राहिला. त्याच न्यूझीलंडने, जुना प्रक्षेपक थकला तेव्हा मनोरा पाडण्याऐवजी शंभर किलोवॉटचा नवा प्रक्षेपक विकत घेतला. २०२४ मध्ये तो पॅसिफिककडे तोंड करून सुरू झाला.